उजवा पाय सोमवारी

मस्कतमध्ये म्हातारी माणसं मिळत नाहीत. बाकी सगळं मिळतं. अळूची पानं मिळतात, गोडा मसाला मिळतो, गणपतीत शाडूची मूर्ती मिळते, आणि आमच्या वसईची सुकेळी कुणी ना कुणी बॅगेत घालून आणतंच. पण सत्तरीच्या पुढचं, जरासं लंगडणारं, हाताशी वेळ असलेलं एक माणूस हवं म्हटलं की पंचाईत. आणि माझी नोकरी अशी होती की मला दर वर्षी असं एक तरी माणूस लागायचं.

मी मूळची नर्स. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतल्या मुली एक तर टीचर होतात नाही तर नर्स. मी हावरट, दोन्ही झाले. मस्कतच्या इस्पितळात उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले तेव्हा एका खाजगी शाळेत लागले. विलायती अभ्यासक्रमाची शाळा होती आणि तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना मी ‘हेल्थ अँड सोशल केअर’ शिकवायचे. मस्कतच्या मराठी मंडळाच्या चिटणीसबाईंनी दिवाळी अंकासाठी या विषयावर लिहा असा फोन केला, आणि मी हो म्हटल्यावर हळूच विचारलं, “पण ब्रिजिताताई, म्हणजे नक्की काय असतं हो ते? डॉक्टरकी का?”

डॉक्टरकी नाही. डॉक्टर आजार बघून निघून जातो, त्यानंतरचा अख्खा दिवस उरतो. त्या दिवसाचा हा विषय. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, घास केवढा द्यायचा, न्हाणीघरात मदत करताना पाठ कधी फिरवायची, ‘मला काही नको’ म्हणणाऱ्याला खरंच काही नको आहे का हे कसं ओळखायचं. आणि माणसाला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आणि, हे केलं तर चालेल का? हे दोन प्रश्न अंगात मुरले की अर्धा विषय झाला. उरलेला अर्धा शिकवायला मला दोन वर्षं लागायची.

या विषयाला यायचं कोण? ज्यांना सायन्सवाल्यांनी घेतलं नाही आणि कॉमर्सवाल्यांनी ठेवलं नाही ते. अपवाद म्हणून एखादं पोर स्वतःहून यायचं आणि घरच्यांची झोप उडवायचं. इशानी तशी. वडील तेल कंपनीत इंजिनियर, घर सीबला. ते मला भेटायला आले तेच कपाळाला आठ्या घालून.

“मॅडम, अंघोळ घालायला शिकायला शाळा लागते?”

“तुम्ही घातलीय का हो कुणाला?” मी विचारलं.

“आमच्या नानांना... म्हणजे, त्यांना माणूस ठेवला होता.”

“त्या माणसाला कुणी शिकवलं होतं का?”

तरी ते मानले नाहीत. शेवटी बापलेकीत तह झाला तो असा: प्रॅक्टिकलला पास झाली तर पुढे नर्सिंग, नापास झाली तर मुकाट पुण्याला आत्याकडे राहून कॉमर्स. इशानीने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. ती फारसं काही करतच नसे. वर्गात तिचा आवाज मी महिन्यातून एकदा ऐकायची, तोही हजेरीचा. आणि प्रॅक्टिकलला तर वृद्ध माणसाशी ‘संवाद’ साधायचा होता.

आता वृद्ध माणूस आणायचा कुठून, हा मूळ मुद्दा. आपल्या लोकांचा तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की खलास, चंबूगबाळं आवरून गावी. तिथे म्हातारं व्हायची परवानगीच नाही. (मीही त्याच नियमाने आता वसईत बसून हे लिहिते आहे.) स्थानिक ओमानी घरांत म्हातारी माणसं असतात, पण ती आपल्याला मिळत नाहीत. माझ्या वर्गातल्या सलीमला मी त्याच्या आजोबांबद्दल विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, “मिस, त्यांना भरवायला आमच्या घरात रांग असते. माझाच नंबर ईदला लागतो. त्यात आणखी चार जणांना कुठे घुसवू?”

त्यामुळे मुलं एकमेकांवरच सराव करायची. डोळ्यांना पट्टी बांधून एक जण म्हातारा व्हायचा आणि दुसरा त्याला दही भरवायचा. सलीमने पहिल्या दिवशी एका मुलीच्या नाकाला दही भरवलं आणि वर अदबीने विचारलं, “चालेल का?” प्रश्न बरोबर होता, फक्त जरा उशिरा आला.

आपल्या लोकांत म्हातारी माणसं उगवतात ती थंडीत. नोव्हेंबर लागला की मुलाकडे, मुलीकडे राहायला आईवडील येतात आणि उन्हाळा चढायच्या आत जातात. वादी कबीरला माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर, त्या वर्षी डोंबिवलीहून खांबेटे काका-काकू आले. मुलगा निखिल सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी रात्री परत जायचा. सून दिवसभर ऑफिसात. दोघं म्हातारे दिवसभर फ्लॅटमध्ये खिडकीतून समोरची गॅरेजं बघत बसलेले. मी त्यांना लिफ्टमध्येच गाठलं आणि माझी अडचण सांगितली. काकांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

“कोणता आजार हवा?” ते म्हणाले.

काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, तब्येत खणखणीत. रोज सकाळी मत्रहच्या समुद्रकाठी असे चालायचे की बरोबरच्या तरुणांना धाप लागावी. पण आमच्या अभ्यासक्रमात सोंग चालतं, फक्त परीक्षकाला तसं आधी सांगावं लागतं. माझी मुलं पाच, शाळेचे दिवस पाच. काकांनी कामाची वाटणी करून टाकली. रविवारी डावा पाय लुळा, सोमवारी उजवा, मंगळवारी विस्मरण, बुधवारी बहिरेपण, गुरुवारी थरथर. याचा भला मोठा तक्ता मुलांकडून रंगवून घेतला आणि बैठकीतल्या लाकडी कपाटाच्या दारावर ड्रॉइंग पिनांनी टोचला. पहिल्या दिवशी मुलांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”

“साहेब म्हणा,” काका म्हणाले. “बँक सोडल्यापासून कुणी म्हणालं नाही.”

मग काय विचारता! शाळेची बस दुपारी एकेका मुलाला माझ्याबरोबर बिल्डिंगपाशी सोडायची आणि साहेब आजारी पडायचे. जीव ओतून पडायचे. चहा गळायचा, मान लटकायची, मदतीला हाका घातल्या जायच्या. काकू स्वयंपाकघरातून सगळ्यांसाठी पोहे, चहा, लाडू घेऊन ये-जा करायच्या आणि जाता जाता त्यांना सांभाळून घ्यायच्या.

“अगं, आज कोणता?” खुर्चीत बसता बसता काका कुजबुजायचे.

“अहो, उजवा. डावा रविवारी.”

काकूंना सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्याशिवाय हा आजार एक दिवस चालला नसता.

सोमवार इशानीचा. ती यायची, दोन प्रश्न कसेबसे विचारायची आणि खाली सतरंजीवर बसायची. तिचं मराठी अडखळायचं. आईशी इंग्रजी, मोलकरणीशी हिंदी, मराठी फक्त आजीच्या फोनपुरतं. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “सिस्टर, पोरगी चांगली आहे, पण पेशंट कंटाळून मरेल. माझ्या उजव्या पायाकडे बघत पण नाही, जमिनीकडे बघत बसते.” मी घाबरले. परीक्षा महिन्यावर आली होती आणि आत्याचं पुण्यातलं घर मला तिथून दिसायला लागलं होतं.

मध्येच एक वेगळंच रामायण झालं. बिल्डिंगचा वॉचमन शफी, केरळचा, मनाने फार चांगला. त्याने दार उघडं असताना काकांना एका पायाने फरफटत जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दुसरा पाय. तिसऱ्या दिवशी काका त्यालाच “आप कौन?” म्हणाले. शफीने पहिल्या मजल्यावर सांगितलं, “अंकल का आधा बॉडी गया, अभी दिमाग भी जा रहा है.” संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये शहाळी, मोसंबी आणि देवळातला अंगारा पोचला. काका ते सगळं प्रेमाने घेत होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, कुणी तरी निखिलला सोहारला फोन केला.

निखिल कारखान्यातून उठला तो थेट गाडीत बसला. तो दारातून आत धावला तेव्हा काय दृश्य होतं? वडिलांच्या गळ्यात लाळेरं, समोर गुडघ्यावर बसलेला सलीम चमच्याने कुस्करलेलं केळं भरवतोय, आणि मी बाजूला हातात घड्याळ घेऊन उभी.

“बाबा!” निखिल ओरडला.

काकांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. पोराचे मार्क जायला नकोत ही त्यांची तळमळ.

“आपण कोण?” ते म्हणाले.

निखिल दारातच मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. सलीमने घाईघाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “सर, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अहो, हा निखिल. आणि विसरायचं काल होतं, आज ऐकू येत नाहीये तुम्हाला.”

“अरेच्चा!” म्हणत काका टुणकन उठले. निखिल नंतर पाऊण तास माझ्याशी बोलला. काय बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण काकांनी त्याला एकच वाक्य ऐकवलं, “तुला इथे बुधवारी बघितलं मी. किती बरं वाटलं.”  

आणि मग परीक्षा आली. इंग्लंडहून परीक्षक बाई आल्या. उंच, कोरड्या, दोन-तीन वेळा थँक यू म्हणणाऱ्या. रविवारचा मुलगा पार पडला. सोमवारी इशानी. साहेबांची उजवी बाजू लुळी आहे असं समजून त्यांना जेवण भरवायचं होतं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत कागद घेऊन बसल्या, मी दुभाषी म्हणून शेजारी. काकांनी असा काही उजवा हात लोंबकळत सोडला की आधी सांगूनही बाईंच्या डोळ्यांत कणव आली.

इशानीने प्रश्न विचारले. घास बरोबर मापाचा घेतला. पण बोलणं नाही. काका खुणा करताहेत, डोळे मिचकावताहेत, बोल बाई काही तरी! आणि इशानीचं लक्ष जमिनीकडे. काकू परीक्षक बाईंसाठी चहा घेऊन आल्या, ठेवला, परत गेल्या. मग लाडू घेऊन आल्या.

इशानीने चमचा ठेवला. काकांचं तोंड पुसलं. “साहेब, मी येते. थांबाल का?” असं विचारून पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला आणि उठली. परीक्षेच्या मधोमध, अर्धं जेवण बाकी असताना पेशंटला सोडून. बाईंचं पेन थांबलं. 

ती काकूंपुढे जाऊन खाली बसली.

“आजी, तुमचा राइट पाय... मी बघू? चालेल?”

“माझा?” काकू हसल्या. “अगं, आज ह्यांचा आहे उजवा.”

“आजी, लेफ्ट चप्पल फट वाजते. राइटची टक वाजते. लास्ट मंडेला पण टक वाजत होती. बिफोर दॅट नाही.”

तेव्हा कुठे मला ते ऐकू आलं. इतके दिवस मी त्याच आवाजामागून येणारा चहा पीत होते. पाचही मुलांच्या अहवालांत काकांबद्दल ‘मधुमेह: नाही’ असं ठळक लिहिलेलं होतं. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी मला हलक्या आवाजात नियम सांगितला. त्या म्हणाल्या, या आजी परीक्षेत नाहीत. त्यांची संमती असेल तर मी जे दिसेल ते लिहीन. नसेल तर विद्यार्थिनीने पेशंटच्या जागी परत जावं, नाही तर परीक्षा अपुरी धरावी लागेल. अपुरी म्हणजे नापास. मी ते मराठीत सांगितलं.

काकूंनी पाय मागे ओढला. “मला काही झालेलं नाही. दुखत सुद्धा नाही. साखर आहे थोडी, ती काय सगळ्यांनाच असते. जा बाळा, ह्यांना भरव.” मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “का गं, मी हो म्हटलं तर तुझे मार्क वाचतात? मग बघ बाई, बघ.”

मी सुटकेचा श्वास सोडला. होकार आला, आता बघ पटकन, असं मी मनातल्या मनात इशानीला ओरडून सांगत होते. आणि ती मुलगी मान हलवत म्हणाली,

“नो. मार्कसाठी नको, आजी. मार्क गेले तर... गेले. तुमच्यासाठी हो म्हणा. नाही म्हटलं तरी मी इथेच बसणार.”

मला त्या क्षणी तिचा राग आला, आणि तितकाच अभिमानही वाटला. बाई माझ्याकडे बघत होत्या, काय बोलली म्हणून. मी भाषांतर करायचं विसरले.

 ज्यांनी जन्मभर ‘ह्यांचं बघा’ म्हटलं त्या काकूंना ‘माझं बघा’ म्हणायला शब्द सापडत नव्हता. शेवटी त्या खुर्चीवर टेकल्या, पाय पुढे केला आणि म्हणाल्या, “बघ. मला वाकता येत नाही गं हल्ली. मलाच दिसला नाही कधीचा.”

इशानीने सपात हळूच काढली. घासून घासून पापुद्रा झालेल्या चपलेच्या तळातून तक्त्याची ड्रॉइंग पिन आरपार गेली होती. टोक आत, डोकं फरशीवर. त्याच्यावर काकू आठवडाभर पोहे आणि चहा घेऊन फिरत होत्या. अंगठ्याखाली जखम चिघळली होती, भोवती लाल झालं होतं, वास येत होता. साखरेचा पाय दुखत नाही, तेच त्याचं खरं दुखणं. अशा पायांचं पुढे काय होतं ते मी इस्पितळात खूप पाहिलं आहे.

“मिस, हॉस्पिटल. आत्ता,” इशानी म्हणाली. हजेरी सोडून मी ऐकलेला तिचा पहिला मोठा आवाज.

“गाडी मी काढतो!” म्हणत काका उठले. लुळा उजवा हात त्यांनी असा झटकन पुढे करून टेबलावरची माझी किल्ली उचलली की परीक्षक बाई दचकून उभ्याच राहिल्या. त्यांच्या मांडीवरचा लाडू फरशीवर फुटला.

“काका, तुमच्याकडे इथलं लायसन्स नाही,” मी म्हटलं. गाडी मी काढली. धावत वर आलेल्या शफीने आणि बाईंनी मिळून काकूंना लिफ्टपर्यंत हातांच्या पाळण्यात नेलं, आणि शफी बाईंना सांगत होता, “मॅडम, मैं बोला था, बॉडी गया है. मैं गलत अंकल को देखा.”

गाडीत मागच्या सीटवर काकूंचा पाय इशानीच्या मांडीवर होता. आरशात मला दोघी दिसत होत्या.

“आजी, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मी... आधी विचारलं नाही.”

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. “माझी आई शालू म्हणायची,” त्या म्हणाल्या. मग लाजून, “जाऊ दे, तू आजीच म्हण.”

“शालूआजी,” इशानी म्हणाली. पुढच्या सीटवर काकांनी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोटं गेली असती. मला रुखरुख लागायची ती लागलीच, अजून आहे. इशानी पास झाली. बाईंनी काय लिहिलं ते शाळेने दाखवलं नाही, पण पुढच्या वर्षी अभ्यासक्रमाच्या सूचनांत ‘घरातल्या इतर व्यक्तींचीही चौकशी करावी’ अशी एक ओळ आली. तिचे वडील शाळेत आले आणि कपाळावरच्या आठ्यांसकट म्हणाले, “मॅडम, नानांचा तो माणूस... त्याचं नाव सुद्धा मी विचारलं नव्हतं.” इशानी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजून कमी बोलते.

काकू घरी आल्यावर मी वर डोकावले. तक्ता उतरवला होता, कपाटाच्या दारावर नुसती भोकं होती. खुर्चीत काकू बसल्या होत्या, साहेबांच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. चहा काकांनी केला होता. तो प्यायचं धाडस मी केलं. मग काका मलमपट्टीचा डबा घेऊन काकूंपुढे खाली बसले. इशानीने त्यांना दोन दिवस शिकवलं होतं आणि दोन्ही प्रश्न त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते.

“शालू, ड्रेसिंग बदलू का? चालेल?”

“चालेल.”

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोठ्या काळजीने काकूंचा धडधाकट पाय हातात घेतला.

“अहो, उजवा,” काकू म्हणाल्या. “डावा रविवारी.”